दाढेला हृदयाची शिफारस कशाला?

ऐरोलीला आमच्या ऑफिसात गेले पंधरा दिवस क्रिकेट, राजकारण सगळं बाजूला पडलंय आणि लंच टेबलावर एकच विषय चाललाय, दात. झालं असं की ग्रुप मेडिक्लेम रिन्यू होताना एचआरने मेल टाकला, तेवढ्याच पैशात एक जादाचा फायदा मिळेल, एकतर जिमच्या मेंबरशिपमध्ये सूट नाहीतर वर्षाला ठराविक रकमेपर्यंत दातांचा खर्च, मत द्या. झालं, दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणते दात म्हणजे काय आजार आहे का, ती कॉस्मेटिक भानगड, नीट ब्रश करा आणि गप्प बसा, शिवाय डेंटिस्ट लुटतात ते वेगळंच. दुसरी रील्स बघून आलेली, तिच्या मते हिरडीतून रक्त आलं की उद्या हार्ट अटॅक, परवा विस्मरण, सगळे रोग म्हणे तोंडातूनच सुरू होतात. मी मत दिलं दातांच्या बाजूने, पण खरं सांगते, वैताग मला आमच्याच पार्टीचा जास्त आला. दातांचा खर्च हा आरोग्याचा खर्च म्हणून धरला पाहिजे हे माझं ठाम मत आहे, आणि ते पटवायला हृदयाची नाहीतर मेंदूची चिठ्ठी आणावी लागते इथेच आपलं चुकतंय. गुडघा दुखला तर कोणी म्हणतं का, की गुडघ्यामुळे किडनी जाते हे आधी दाखव, मग बघू?

आधी आमच्या पार्टीची पोलखोल मीच करते. हिरड्यांचा आजार आणि हृदयविकार एकाच माणसात सापडतात हे खरं, पण सिगरेट ओढणारा, शुगर असलेला, धड जेवायला वेळ नसलेला माणूस दोन्हीकडे तोच असतो, त्याला काय करणार? अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2012 साली सगळे पुरावे चाळून सांगितलं की संबंध दिसतो, पण हिरड्यांमुळे हृदयविकार होतो किंवा हिरड्या बऱ्या केल्या की तो टळतो हे सिद्ध झालेलं नाही. गरोदर बायकांच्या हिरड्या साफ केल्या की अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी होतील अशी मोठी आशा होती, 2006 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत हिरड्या सुधारल्या, बाळंतपणं होती तेव्हाच झाली. अल्झायमरचं तर 2019 मध्ये केवढं गाजलं, हिरड्यांतला जंतू मेंदूत सापडला म्हणून, त्याच जंतूवरच्या औषधाची चाचणी 2021 मध्ये फसली, पण ती बातमी कोणी फॉरवर्ड केली नाही. म्हणजे समोरचा जेव्हा म्हणतो की तुम्ही लोक घाबरवताय, तेव्हा तो अगदीच चुकीचं बोलत नाहीये.

आणि हे घाबरवणं साधं नसतं, याच्यापायी पूर्वी माणसं मेलीत. 1910 साली विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने माँट्रियलला भाषण ठोकलं की दातांत दडलेला पू अंगभर रोग पसरवतो, आणि मग पुढची वीसेक वर्षं डॉक्टर लोक सांधेदुखीपासून थकव्यापर्यंत कशालाही दात उपटायला लागले. त्यातला कळस म्हणजे अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन. याला वाटायचं वेड हे जंतूंमुळेच लागतं, म्हणून त्याने पेशंटचे आधी दात काढले, मग टॉन्सिल, मग मोठं आतडं. ऑपरेशनमध्ये कितीतरी पेशंट दगावले आणि हा पठ्ठ्या सांगत राहिला की माझ्याकडे 85 टक्के बरे होतात. स्वतःच्या मुलांचेसुद्धा दात काढले त्याने. आम्हा ठाणेकरांना हे वाचताना जरा जास्तच टोचतं, आयुष्यभर महाराष्ट्राच्या कुठल्याही कोपऱ्यात गेलं तरी "ठाण्याच्या का? तिथलंच का?" हा विनोद ऐकलेला असतो. 1901 पासून आमच्याकडे मनोरुग्णालय आहे, आणि ट्रेंटनसारखा प्रमुख इथे लाभला असता तर काय, हा विचार एकदा डोक्यात आला की तो विनोद काही हसवत नाही.

मग खात्रीचं काय आहे? बरंच आहे, आणि रीलमध्ये येतं त्यापेक्षा ते जास्त साधं आहे. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आटोक्यात राहत नाही, हे दोन्ही बाजूंनी चालतं, हिरड्यांवर उपचार केले तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा टक्क्यातला आकडा, सरासरी 0.4 च्या आसपास उतरतो असं चाचण्या एकत्र करून दिसलंय. आकडा छोटा वाटेल, पण आपल्याकडे घरटी एक शुगरवाला आहे, आणि त्याला डोळे तपासा, पाय तपासा सांगणारे डॉक्टर तोंड उघडा म्हणत नाहीत. हृदयाची झडप आधीच खराब असेल, म्हणजे लहानपणी सांधेताप येऊन गेलेला असेल किंवा झडप बदललेली असेल, तर तोंडातले जंतू रक्तातून तिथे जाऊन बसू शकतात, हे शंभर टक्के खरं आहे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांचं तर विचारूच नका. जपानमध्ये वृद्धाश्रमांत दोन वर्षं एक साधा प्रयोग केला, निम्म्या लोकांचे दात-तोंड कोणीतरी रोज नीट साफ करून द्यायचं. 1999 मध्ये निकाल आला, साफसफाई नसलेल्यांत 19 टक्के लोकांना न्युमोनिया झाला, असलेल्यांत 11 टक्के. यात औषध नाही, मशीन नाही, फक्त ब्रश आणि कोणीतरी पाच मिनिटं देणारं माणूस. आपल्याकडे आजोबांना डायपर बदलायला बारा तासांची मावशी ठेवतात, तिला तोंडात ब्रश फिरवायला कोण सांगतं?

आणि तोंडाचा कॅन्सर. भारतातल्या पुरुषांत सगळ्यात जास्त होणारा कॅन्सर हाच आहे आणि त्याच्यासाठी खारघरला टाटाचंच ऍक्ट्रेक, परळला टाटा हॉस्पिटल, कुठून कुठून माणसं येऊन फुटपाथवर राहतात. महाराष्ट्रात गुटखा 2012 पासून बंद आहे हे वाक्य कुठल्याही स्टेशनबाहेरच्या टपरीसमोर उभं राहून मोठ्याने वाचून बघा. केरळात त्रिवेंद्रमला एक मोठी चाचणी झाली होती, आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघर जाऊन बॅटरीच्या उजेडात तोंडं बघायची, एवढंच. 2005 मध्ये निकाल छापून आला, तंबाखू-दारूवाल्या लोकांत या कॅन्सरने मरण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांश कमी झालं. तोंड उघडून आत बघणं हे ज्याचं रोजचं काम आहे त्या माणसाकडे आपण दाढ ठणकल्याशिवाय जातच नाही.

पण हे सगळं सांगूनसुद्धा माझा खरा मुद्दा हा नाहीच. हा हिशोब मांडला की पुन्हा तेच होतं, दात महत्त्वाचे कारण शुगर, दात महत्त्वाचे कारण न्युमोनिया. दात नुसते दात म्हणून महत्त्वाचे का नाहीत?

माझी आई नौपाड्यात राहते. चार वर्षांपूर्वी तिच्या उजव्या बाजूच्या दाढा एकामागून एक गेल्या, पुढचे दोन हलायला लागले. ती काही बोलली नाही, दुखणं अंगावर काढायची सवयच आहे त्या पिढीला, लवंग धरायची, मिठाच्या पाण्याच्या चुळा भरायच्या. मला कळलं ते असं की एकदा रविवारी मामलेदारची मिसळ आणली, तर तिने तर्री बाजूला ठेवून पाव चहात बुडवून खाल्ला. मग मी लक्ष द्यायला लागले. भाकरी ती दुधात कुस्करून खात होती, काकडी बंद, पेरू बंद, शेंगदाण्याचं कूट करून, मटकीची उसळ तर घरात होतच नव्हती. राहिलं काय, तर दूध-भात, साबुदाणा, बिस्किटं, केळं. शुगरवाल्या बाईचं हे जेवण! फिजिशियन दर तीन महिन्यांनी गोळी वाढवत होते आणि दर वेळी विचारत होते पथ्य पाळता ना आजी, आणि ही मान डोलवत होती. हसताना तोंडावर पदर यायला लागला, मग पदर नाही तर हाताचा पंजा, मग हसणंच कमी. घंटाळीजवळ त्यांचं भजनी मंडळ आहे, मंगळवारचं, वीस वर्षांचं. तिथे जायची बंद झाली. गुडघे दुखतात म्हणाली. गुडघे दुखत होते पण ते आधीपासून दुखत होते, खरं कारण तिने खूप नंतर सांगितलं, "अगं, विठ्ठल म्हणताना नुसती हवा जाते, शेजारची बघते." मला सांगा, हे फिजिकल की मेंटल? कुठल्या खान्यात टाकणार? कवळी बसायला सात फेऱ्या झाल्या, पहिली टोचत होती, ती दोन महिने स्टीलच्या वाटीत पाण्यात नुसती पडून होती, आम्ही चिडलो तिच्यावर, पैसे गेले म्हणून. दुसऱ्यांदा घासून नीट करून दिली तेव्हा कुठे बसली. आता मंगळवारी जाते. शुगरही जरा उतरली, पण ती उतरली नसती तरी ते पैसे फुकट गेले असं मी म्हटलं नसतं, आणि माझं सगळं म्हणणं त्यात आलं.

मनाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. गंभीर मानसिक आजार असलेल्या लोकांमध्ये सगळे दात गमावण्याचं प्रमाण इतरांच्या 2.8 पट असल्याचं जगभरातले अभ्यास एकत्र करून 2015 मध्ये दिसलं. कारणं समजायला अवघड नाहीत. डिप्रेशनमध्ये माणूस अंघोळ करत नाही तिथे ब्रश काय करणार, आणि मानसिक आजारावरच्या बऱ्याच औषधांनी तोंडाला कोरड पडते, लाळ कमी झाली की दात किडतात, किडले की माणूस आणखी तोंड लपवतो. कोणी सांगत नाही त्यांना हे, गोळ्यांच्या कागदावर बारीक अक्षरात असतं. उलट साखरेने दात किडतात हे ज्ञान आपल्याला अशाच दुबळ्या लोकांच्या जिवावर मिळालंय. स्वीडनमध्ये लुंडजवळ विपेहोल्म नावाचं मतिमंदांचं रुग्णालय होतं, तिथे 1940 च्या दशकात रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या चारल्या, दिवसाला किती, जेवणाबरोबर की मधल्या वेळेत, आणि कोणाचे दात किती किडतात ते मोजलं. त्यांना ना विचारलं ना सांगितलं. त्यातून कळलं की साखर किती खाता यापेक्षा कितीदा आणि किती चिकट खाता ते जास्त नडतं, आणि स्वीडिश पोरांना शनिवारीच गोळ्या द्यायची पद्धत तिथून पडली. अशा लोकांच्या दातांचा वापर करून घ्यायला विज्ञानाला कधी अडचण आली नाही, त्यांच्या दातांची काळजी घ्यायची वेळ आली की मात्र ते "वेगळं डिपार्टमेंट" होतं.

आता समोरच्या पार्टीचा सगळ्यात तगडा मुद्दा, जो आमच्या फायनान्सच्या एका सरांनी मांडला आणि ज्याला लंच टेबलावर कोणी धड उत्तर दिलं नाही. ते म्हणाले इन्शुरन्स हा क्वचित येणाऱ्या मोठ्या संकटासाठी असतो, दात तर सगळ्यांचेच किडतात, मग तो इन्शुरन्स कसला, ती भिशी झाली. आणि पैसे कंपनी देणार म्हटल्यावर प्रत्येक दाढेला रूट कॅनल लागणारच. बरोबर आहे. अगदी बरोबर आहे. ब्रिटनने 1948 मध्ये सरकारी आरोग्यसेवा सुरू केली, त्यात दात फुकट, तर कवळ्यांसाठी एवढी झुंबड उडाली की अंदाजपत्रक कोलमडलं आणि 1951 मध्ये सरकारने कवळी आणि चष्म्यावर पैसे लावले. ज्याने ती सेवा उभी केली तो अन्यूरिन बेव्हन मंत्री त्यावरून राजीनामा देऊन बाहेर पडला. सरांनी हे उदाहरण दिलं असतं तर मी निम्मी हरले असते. पण जरा थांबून बघा, ती झुंबड कुठून आली? लोकांनी फुकट मिळतंय म्हणून हौसेने दात पाडून घेतले काय? वर्षानुवर्षं बोळक्या तोंडाने कालवण ओरपत बसलेली माणसं होती ती, दार उघडल्यावर दिसली एवढंच. आणि क्वचित येणाऱ्या संकटाचंच म्हणाल तर, किडलेली दाढ तशीच ठेवली तर इन्फेक्शन जबड्याखाली उतरून गळा सुजतो आणि श्वास कोंडतो, असा गळा सुजण्याचं वर्णन जर्मन डॉक्टर लुडविगने 1836 मध्येच करून ठेवलंय, आजही असे पेशंट आयसीयूत येतात. तेव्हा मेडिक्लेम सुरू होतो बरं का! चोवीस तास ऍडमिट झालात की बिल पास. म्हणजे साध्या सिमेंट भरण्याला पैसे नाहीत, पण ते न भरल्याने गळा चिरायची वेळ आली की कॅशलेस.

ही फाळणी निसर्गाने केलेली नाही. जगातलं पहिलं डेंटल कॉलेज 1840 मध्ये अमेरिकेत, मेरीलँड राज्यातल्या बाल्टिमोरला निघालं, मेडिकल कॉलेजपासून वेगळं, आणि तेव्हापासून दात एका इमारतीत आणि बाकी देह दुसऱ्या. आपल्याकडे 1948 मध्ये डेंटिस्ट ऍक्ट आला, तोही वेगळाच. अमेरिकेत 1965 मध्ये म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर नावाचा सरकारी विमा आला त्यात रोजचे दातांचे उपचार कायद्यानेच बाहेर ठेवले. मला हे माहिती असण्याचं कारण काही वाचन नाही, आमच्या ऑफिसात कामच ते चालतं, तिकडची बिलं तपासायचं. आणि त्याच मेरीलँडमध्ये 2007 साली 12 वर्षांचा एक मुलगा दाढेतलं इन्फेक्शन मेंदूत जाऊन वारला. दाढ काढायला 80 डॉलर लागले असते, आईला सरकारी योजनेतला डेंटिस्ट मिळेना, शेवटी मेंदूची दोन ऑपरेशनं झाली, हॉस्पिटलचं बिल अडीच लाख डॉलरच्या घरात. जिथून ही वाटणी सुरू झाली त्या राज्यात.

"आमच्या आजोबांनी कधी डेंटिस्ट पाहिला नाही" हे वाक्य तर दर लग्नात ऐकायला मिळतं. आजोबांचं खरं असेलही, कडुनिंबाची काडी, साखर सणापुरती, चहा गुळाचा. दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग झालं तेव्हा नॉर्वे, जपानमध्ये पोरांचे दात किडणं कमी झालं होतं, म्हणजे आजोबांच्या दातांचं श्रेय काडीपेक्षा साखरेच्या टंचाईला जास्त आहे. पण त्याच आजोबांच्या काळात, स्वातंत्र्याच्या सुमारास, भारतातलं सरासरी आयुष्य बत्तीसच्या आसपास होतं, आणि आजी काय करत होती ते कोणी सांगत नाही. आजी मशेरी लावत होती. तव्यावर तंबाखू भाजून, दुपारी जेवणानंतर उंबऱ्यावर बसून, बोट काळं करून, कारण दाढ ठणकायची आणि तिला दुसरं काही मिळत नव्हतं. सुरुवात ठणक्याने आणि पुढे व्यसन. दात दुखणं हा आजार न मानण्याची किंमत आपल्याकडच्या बायकांनी तंबाखूने फेडलीये, आणि अजून फेडतायत, दिघ्याच्या नाहीतर तुर्भ्याच्या वस्तीत सकाळी चक्कर मारून या.

डेंटिस्ट लुटतात याचं मी काय बोलू, माझं मागच्या वर्षी रूट कॅनल आणि कॅप मिळून 11,000 झाले आणि त्याच दाढेचं दुसऱ्या ठिकाणी कोटेशन जवळपास दुप्पट होतं, तिथे तर मला हसू सुधारायचं पॅकेजसुद्धा दाखवलं लॅमिनेट केलेल्या कार्डावर. काही जण लुटतात. पण ते लुटू शकतात कारण आपण जातो तेव्हा रात्रभर झोप नसते, गाल सुजलेला असतो, दर माहीत नसतो आणि बिल तपासणारं कोणी नसतं. कोणीच पैसे देत नाही म्हणून कोणीच विचारत नाही. उद्या सरकारने, विमा कंपनीने, कोणीही पैसे द्यायला सुरुवात केली की पहिला प्रश्न येईल, एक्सरे कुठाय? आमचं पोट त्याच प्रश्नावर चालतं, म्हणून सांगते.

आणि मनुष्यबळ नाही असं तर म्हणूच नका. देशात तीनशेच्या वर डेंटल कॉलेजं. आमच्या नवी मुंबईत तर नेरुळपासून खारघर-कामोठ्यापर्यंत हार्बरच्या थोड्याच स्टेशनांत चार-पाच कॉलेजं आहेत, तिथे शिकणाऱ्या पोरांना हाताखाली पेशंट लागतात, ती बिचारी नातेवाईक, वॉचमन, रिक्षावाले गोळा करत फिरतात, आणि तिथून दोन-तीन स्टेशनांवर मजूर गालाला रुमाल बांधून कामावर जातो. या दोघांची गाठ घालून द्यायला विमासुद्धा लागत नाही. महापालिकेच्या प्रत्येक हेल्थ पोस्टात एक खुर्ची, आठवड्यातून दोन दिवस कॉलेजची पोरं त्यांच्या सरांसकट, शुगरच्या कार्डावर वर्षातून एकदा तोंड तपासल्याची सही, गरोदर बाईच्या कार्डावर तशीच (बाळ वेळेवर येईल म्हणून नाही हो, तिला जेवता यावं म्हणून). फायनान्सच्या सरांचा भिशीचा मुद्दा मला मान्य आहे म्हणूनच हे म्हणतेय, छोट्या आणि सगळ्यांना लागणाऱ्या गोष्टी सार्वजनिक सेवेतूनच व्हाव्यात, लस देतो तशा. विमा हा त्यातला दुय्यम भाग, पण ऑफिसात आपल्या हातात तेवढाच होता.

मतदान शुक्रवारी संपलं. जिम जिंकली, चांगल्या फरकाने. माझ्या टीममध्ये दोन मुली बीडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टर, झालेल्या आहेत, प्रॅक्टिस परवडत नाही म्हणून या बिलं तपासायच्या कामाला आल्या. त्यातली एक लंचनंतर जागेवर येऊन बसली, डब्याची पिशवी टेबलाखाली सरकवली आणि पुढचा क्लेम उघडला, तिकडचा कुठला तरी आठ वर्षांचा पोरगा, दाढ किडू नये म्हणून आधीच सीलंट लावलेलं, चार दाढा. "मॅडम, सगळं बरोबर आहे, अप्रूव्ह करते," म्हणाली.